चांगल्या मालाला खूण नसते

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रोज. सकाळी सहाला उठून. (आज बायकोने तीनदा हाक मारली म्हणून उठलो. उद्यापासून आपोआप.)

निमित्त मोठं आहे. शिक्षण कार्यालयाला अखेर अक्कल आली. नवीन योजना: चौथी झालेल्या मुलाने पाचवीला कुठल्या शाळेत जायचं ते यापुढे पालक ठरवणार. आमच्या भागात चार शाळा. फॉर्म एकतीस मार्चपर्यंत. पत्रकावर ठळक छापलंय, पालकांनो, निवड तुमच्या हातात.

आता बाकीच्या पालकांच्या हातात निवड देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. या लोकांना बाजारात चार टोमॅटो धड निवडता येत नाहीत, शाळा काय निवडणार? माझी गोष्ट वेगळी. कपबशीच्या कारखान्यात, निवड विभागात, बावीस वर्षं चेकर. त्यातली नऊ सीनियर. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप माझ्यासमोरून जातो. लाकडी काडीने कडेवर टिचकी. टण्ण वाजला तर पुढे. थप्प वाजला तर आत तडा आहे, बुडाला निळ्या पेन्सिलीने फुली. विभागाचा नियम एकच: खूण वाईटावर करायची, चांगल्याला हात लावायचा नाही. चांगला माल आपोआप पुढे जातो. बावीस वर्षांत एकही तडा माझ्या कानातून सुटलेला नाही. (गेल्या वर्षीची तक्रार पॅकिंगवाल्यांची चूक होती.)

संकल्प: चारही शाळा स्वतः चेक करणार. प्रश्नावली तयार करणार. बायकोशी वाद घालायचा नाही, नुसतं समजावून सांगायचं.

५ मार्च, बुधवार
काल नोंद राहिली. जाग आली होती, पण अंथरुणातच विचार चालू होता.

मुलीबद्दल लिहायला हवं, कारण सगळं तिच्यासाठीच आहे. वय नऊ. सध्या जवळच्या शाळेत. चालत सात मिनिटं. जवळ असणं हाच त्या शाळेचा एकमेव गुण. तो गुण कोपऱ्यावरच्या न्हाव्यातही आहे. भिंतींचे पोपडे निघालेत. घंटा म्हणजे टांगलेला लोखंडाचा तुकडा. तिथे एक सुतारसर आहेत, ते मुलांना स्टूल करायला शिकवतात. चौथीत बैठक आणि दोन पाय. उरलेले दोन पाय पाचवीत. म्हणजे सध्या आमच्या घरात दोन पायांचं स्टूल भिंतीला टेकून उभं आहे. आल्यागेल्याला सांगावं लागतं की हात लावू नका, पडेल.

मुलगी म्हणाली, पुढच्या वर्षी आपलं आपण उभं राहील. मी म्हटलं, पुढच्या वर्षी तू असल्या शाळेत नसशील. तिने स्टूल आणखी नीट टेकवून ठेवलं. आईवर गेलीय.

स्टूल उलटं करून तपासलं. दोन्ही सांधे ढिले. दोन निळ्या फुल्या मारल्या. तिने बोटाने पुसून पाहिल्या. ती पेन्सिल पुसत नाही.

८ मार्च, शनिवार
प्रश्नावली पूर्ण. एकेचाळीस प्रश्न. प्रश्न सातवा: शाळेतली सगळी घड्याळं एकच वेळ दाखवतात का? प्रश्न एकोणिसावा: शिक्षकांपैकी किती जण स्वतः गणितात नापास झाले होते? प्रश्न एकेचाळिसावा: मी तुमची शाळा का घ्यावी? बायकोने वाचली. म्हणाली, यात मुलीला काय आवडतं हा प्रश्न कुठाय? समजावून सांगितलं. कपाला विचारून कोणी ग्रेड देतं का? यावर ती म्हणाली, ती कप नाहीये. असल्या मुद्द्यांना उत्तर नसतं.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या उलट्यासुलट्या करून वाचणं हेच काम. त्यामुळे विचारही तेवढ्याच आकाराचे.

शिक्षण कार्यालयाला पत्र टाकलं. सूचना: पालकाने एकदा निवड केली की ती अंतिम समजावी. अपील, बदल, रडारड काही नको. नाहीतर आज ही शाळा उद्या ती, असा पोरखेळ होईल. पत्र उत्तम उतरलं. दोनदा वाचलं.

११ मार्च, मंगळवार
अर्धी रजा. शाळा क्रमांक एक: टायवाली. पहिलीपासून गळ्यात टाय. इतकी शांतता की आत मुलं आहेत की नाहीत कळेना. प्रश्न सहावा विचारेपर्यंत प्रिन्सिपल ठीक होते. मग घड्याळाकडे बघायला लागले (तेही चार मिनिटं पुढे). बाहेर पडताना सवयीने काडी काढून व्हरांड्याच्या भिंतीवर टिचकी मारली. थप्प. आत पोकळ. दुसरी मारणार तेवढ्यात वॉचमनने काडी काढून घेतली. गेटवर परत दिली.

टायवाली: रिजेक्ट.

१२ मार्च, बुधवार
पुन्हा अर्धी रजा. शिफ्ट इनचार्जने तोंड वाकडं केलं. त्याचं तोंड मुळात वाकडंच आहे, फरक फारसा पडला नाही.

शाळा क्रमांक दोन: आनंदी. परीक्षा नाही, बाकं नाहीत, मुलं वाटेल तिथे लोळतात. एक मुलगा टेबलाखाली वाचत होता. शिक्षिका म्हणाली, त्याला तिथे बरं वाटतं. मलाही पुष्कळ ठिकाणी बरं वाटतं, म्हणून मी तिथे आडवा होत नाही. प्रश्नावली दिली तर म्हणाली, आम्ही प्रश्नांची उत्तरं देत नाही, मुलांना शोधू देतो. म्हणजे उत्तरं यांनाही येत नाहीत. नाचता येईना, अंगण वाकडं.

रिजेक्ट.

१३ मार्च, गुरुवार
जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. पायात साध्या चपला. घरोघर फिरताहेत. पाचवीसाठी वीस फॉर्म आले नाहीत तर पाचवीचा वर्ग बंद होणार, सुतारसरही जाणार. आत्तापर्यंत नऊ जण हो म्हणालेत.

मला हसू आलं. विचारलं, माल चांगला असता तर दारोदार फिरावं लागलं असतं का? बाईंनी चहा प्यायला. (आमच्याकडे सगळे कप कारखान्यातले रिजेक्ट. कान जरा वाकडे, बुडाला फुली. पण चहाला काय त्याचं.) मग शांतपणे म्हणाल्या, मुलीला विचारलंत का? सगळ्यांना हा एकच प्रश्न सुचतो. गावातल्या सगळ्या बायकांनी मिळून पाठ केलेला दिसतो.

मुलगी दारामागून ऐकत होती. बाई जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. भावनिक ब्लॅकमेल. बाईंचा कप विसळायला घेतला तेव्हा मुलीने तो उलटा करून पाहिला आणि म्हणाली, बाबा, यावर फुली आहे पण चहा तर गळत नाही. मी म्हटलं, तुला कळायचं नाही. तिला कळलं नाहीच.

१६ मार्च, रविवार
जनजागृती केल्याशिवाय गत्यंतर नाही. सजग पालक परिषदेची स्थापना. आमच्या बैठकीच्या खोलीत. अध्यक्ष: मी. सभासद सात. त्यात चष्मेवाला (दुकानात बसून लोकांना दिसतं का विचारतो, स्वतःला काही दिसत नाही), टायरवालीबाई (नवऱ्याचं टायरचं दुकान, बोलणंही हवा भरल्यासारखं), बँकवाला (मान हलवतो). उरलेले चार जण चहासाठी.

सगळ्यांची मुलं चौथीत. एकालाही काही ठरवता येत नाही. टायरवालीबाई म्हणाली, आम्हाला काय कळतं, तुम्ही सांगाल तसं. हे ऐकून बरं वाटलं. स्वतःची लायकी ओळखणारा माणूस विरळा.

मी तासभर बोललो. पालकाचं सक्षमीकरण म्हणजे काय, या विषयावर. चष्मेवाल्याने मध्येच विचारलं, म्हणजे नेमकं करायचं काय? पालथ्या घड्यावर पाणी.

१९ मार्च, बुधवार
शाळा क्रमांक तीन: काचेची. चार मजली, सगळी काच. लिफ्ट. रिसेप्शनवर फुलं (प्लॅस्टिक, पण उत्तम दर्जाचं). मॅडमनी एकेचाळीस प्रश्न ऐकून घेतले. एकदाही घड्याळ बघितलं नाही. समोर कॉम्प्युटर होता, त्यावर सारखं टाइप करत होत्या, बहुतेक माझे मुद्दे. मला तीनदा सर म्हणाल्या. कॉफी आली. कप उचलून बूड पाहिलं. आमच्याच कारखान्याचा. फर्स्ट क्वालिटी. खूण नाही.

काडीने टिचकी मारली. टण्ण.

यापुढे शोधायचं काही राहिलं नाही. काचेची शाळा. बसने पन्नास मिनिटं, पण प्रवासात मुलं शिकतात.

२२ मार्च, शनिवार
शिक्षण कार्यालयाचं उत्तर! माझी सूचना मान्य. नियमावलीत नवं कलम अकरा घातलं: पालकांची निवड अंतिम असेल, कोणत्याही कारणाने बदल होणार नाही. आभाराचं पत्र, खाली सही. फ्रेम करून लावणार. कारखान्यात शिफ्ट इनचार्जला दाखवलं. म्हणाला, छान, आता जरा कपांकडे बघा.

नियमावली आली आहे, बत्तीस पानं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. कलमं पाठ होत आली. फॉर्म एका पानाचा, पोरखेळ. पुढे चार शाळांची नावं, प्रत्येकीपुढे चौकट, खाली सही. पाठीमागे बारीक अक्षरात सूचना. सूचना ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतात.

बायकोने फॉर्म हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. सवय. म्हणाली, मागचं वाचलंत का? पट्टीवर महत्त्वाचं असतं ते मागेच असतं. मी म्हटलं, ही खोकल्याची गोळी नाही.

२३ मार्च, रविवार
परिषदेचा मार्गदर्शन वर्ग. विषय: फॉर्म कसा भरावा. मुलीकडून मोठ्या कागदावर फॉर्मचं चित्र काढून घेतलं. अक्षर बरं आहे तिचं. तिला सांगितलं, टायवालीपुढे फुली, आनंदीपुढे फुली, जवळच्या शाळेपुढे फुली. काचेची कोरी.

तिने विचारलं, बाबा, नको त्यावर फुली? अर्थात. कारखान्यासारखी? अर्थात. फॉर्मवर पण तसंच असतं का? मी म्हटलं, जगात सगळीकडे तसंच असतं. ती उठली. मग आत जाऊन आईशी काहीतरी बोलली. परत आली आणि तिन्ही फुल्या अगदी नीट, पट्टीने काढल्या. कधी नव्हे तो उत्साह. माझ्या बोलण्याचा परिणाम व्हायला लागलाय.

वर्ग अप्रतिम झाला. खूण वाईटावर करा, चांगल्याला हात लावू नका, हे वाक्य सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. बँकवाल्याने मान हलवली. चष्मेवाला म्हणाला, बँकेच्या फॉर्मवर आम्ही हव्या त्याला खूण करतो बुवा. सगळे हसले, म्हणजे मी हसलो, मग सगळे हसले. त्याला विचारलं, बावीस वर्षं कोण निवड करतंय, तुम्ही की मी?

२९ मार्च, शनिवार
आठही फॉर्म माझ्या देखरेखीखाली भरले. माझ्याच निळ्या पेन्सिलीने, म्हणजे कुणी खाडाखोड करायला नको. कुणाचा भरवसा नाही, म्हणून सगळे फॉर्म मीच जमा करणार.

बायको सहीसाठी पेन देताना म्हणाली, शेवटचं विचारते, मागचं वाचलंत? मी म्हटलं, या घरात माझ्यावर विश्वास टाकायला कधी शिकणार? ती म्हणाली, बरं, टाकला. अखेर!

३१ मार्च, सोमवार. दुपारी १
फॉर्म जमा. खिडकीवरच्या कारकुनाने वरचा फॉर्म पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, साहेब, हे असंच द्यायचंय? कारकुनांचा एक प्रॉब्लेम असतो, जरा वेगळं काही दिसलं की घाबरतात. मी कलम अकरा म्हणून दाखवलं. त्याने आठही फॉर्मवर शिक्के मारले.

पुण्यकर्म केल्यासारखं वाटतंय. आठ मुलांचं भवितव्य, एका पेन्सिलीने.

१७ एप्रिल, गुरुवार
बरेच दिवस नोंद नाही. मधल्या काळात जाणूनबुजून विश्रांती.

कारखान्यात कटकट. एका हॉटेलकडून दीडशे कप परत आले, सगळ्यांना तडे. तारीख लावली तर एकोणीस मार्च ते एकोणतीस मार्चमधला माल. त्या दिवसांत मी फॉर्मची आणि वर्गाची तयारी मनातल्या मनात करत होतो, हे खरं. पण खूण नाही तो माल पुढे जातो हा नियम मी केलेला नाही. शिफ्ट इनचार्ज म्हणाला, खूण करायला आधी बघावं लागतं. आणि मला बश्यांवर टाकलं. बशीला आवाज नसतो. नुसतं बघायचं. बावीस वर्षांच्या कानाचा हा अपमान.

घरी सांगितलं नाही. मुलीला आपण काय शिकवतोय याचा विचार करावा लागतो.

२५ एप्रिल, शुक्रवार
यादी लागली. शिक्षण कार्यालयाच्या आवारात बोर्डावर. परिषद मुद्दाम एकत्र गेली, फोटो काढायचा बेत होता.

काचेच्या शाळेच्या यादीत नाव नाही. पुन्हा पाहिलं. चष्मेवाल्याचं नाही. टायरवालीबाईचं नाही. कुणाचंच नाही. मग बँकवाला, जो आजवर नुसती मान हलवायचा, तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, आपण इथे आहोत. जवळची शाळा, पाचवी. ओळीने आठ.

मी खिडकीवर गेलो. तोच कारकून. फॉर्म काढला, उलटा केला, बोट ठेवून वाचला. सूचना क्रमांक एक: आपण निवडलेल्या शाळेपुढील चौकटीत फुली मारावी. सूचना क्रमांक दोन: एकापेक्षा अधिक फुल्या आढळल्यास निवड केली नाही असे समजून घराजवळची शाळा दिली जाईल. मग म्हणाला, साहेब, तुम्ही नको त्या तिन्ही शाळा मागितल्यात आणि हवी ती सोडलीत. मी अपील मागितलं. त्याने कलम अकरा म्हणून दाखवलं. माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं, आकड्यासकट.

मागे वळलो तर परिषद उभी. टायरवालीबाई म्हणाली, तुमच्या त्या काडीने स्वतःच्या डोक्यावर एक टिचकी मारून बघा, काय वाजतंय. मी सांगितलं की फॉर्मची रचनाच सदोष आहे. हे लोक रचनेवर बोलायला तयार नाहीत. व्यक्तीवर घसरतात.

२५ एप्रिल, संध्याकाळी
घरी आलो. मुलगी स्टुलाशी काहीतरी करत होती. सांगितलं. तिने एकदा आईकडे पाहिलं आणि मग उडी मारली. चक्क उडी. तिच्या भवितव्याचा चुराडा झाला आणि पोरगी उड्या मारतेय.

बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, दोनदा सांगितलं. पोरीनेही विचारलं. तिसऱ्यांदा सांगून मला काय मिळणार होतं? तिला तीच शाळा हवी होती. ती मार्चपासून रोज रडत होती, ते तुम्हाला ऐकू आलं नाही.

मी घरातच होतो. मला खरंच ऐकू आलं नाही. (भिंती जाड आहेत.)

२८ एप्रिल, सोमवार
मुख्याध्यापिकाबाई पुन्हा आल्या. त्यांचे तेरा फॉर्म होते. आमचे आठ मिळून एकवीस. पाचवी वाचली, सुतारसर राहिले. म्हणाल्या, तुमचे उपकार कसे फेडू? मी म्हटलं, योग्य वेळी योग्य निर्णय घेणं एवढंच आपल्या हातात असतं. बायको आतून खोकली.

विचार केला तर हे खरंच आहे. नकळत का होईना, पण एक शाळा मी वाचवली. पुढच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा मांडायचा. लोकांना दूरदृष्टी म्हणजे काय ते समजावून सांगायला हवं.

४ मे, रविवार
परिषदेची विशेष सभा. माझ्याकडे नाही, चष्मेवाल्याच्या दुकानात. विषय: अध्यक्षपदाची निवड. चिठ्ठ्यांवर दोन नावं, माझं आणि चष्मेवाल्याचं. गुप्त मतदान. भाषणात मी शाळा वाचवल्याचा मुद्दा मांडला. शांतपणे ऐकून घेतलं. समाज बदलतोय.

माणसाने चुकांमधून शिकावं. सूचना क्रमांक एक आता मला झोपेतही येते: निवडायचं त्यापुढे फुली. माझ्या नावापुढे ठसठशीत फुली मारली.

मोजणी बँकवाल्याने केली. आठ चिठ्ठ्या. आठच्या आठ फुल्या माझ्या नावापुढे! एकमताने! चष्मेवाल्याच्या नावापुढे एकही नाही. डोळे भरून आले. उठून उभा राहिलो, आभाराला सुरुवात केली. दोन वाक्यं झाल्यावर चष्मेवाला म्हणाला, बसा जरा. आज आम्ही तुम्ही शिकवलेल्या पद्धतीनेच मतदान केलंय. खूण वाईटावर करायची, चांगल्याला हात लावायचा नाही.

आठ फुल्या. त्यातली एक माझी.

टायरवालीबाईने चहा दिला. घेतला.

१६ जून, सोमवार
शाळा सुरू. मुलगी चालत गेली. सात मिनिटं. बगलेत दोन पायांचं स्टूल. वाटेत चष्मेवाल्याचा मुलगा आणि टायरवालीबाईची मुलगी भेटली, तिघं मिळून ते स्टूल धरून गेली. खिडकीतून पाहिलं. तशी मला काही हौस नव्हती, खिडकी उघडीच होती.

मी अजून बश्यांवर.

३० ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४
नोंद करायची नव्हती. पण लिहून टाकतो.

मुलगी स्टूल घेऊन आली. चार पाय. माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, तपासा.

काडी घेतली. चारही पायांवर टिचकी. बैठकीवर. सांध्यांवर. माझ्या मार्चमधल्या दोन फुल्या अजून तिथेच होत्या, पण खालचे सांधे आता पक्के. हलवून पाहिलं. फरशीवर ठेवून दाबलं. उलटं करून पुन्हा सगळं पाहिलं. पंधरा मिनिटं. ती उभीच. एक तरी दोष सापडेल असं वाटलं होतं. खरं म्हणजे सापडावा असं वाटत होतं, कारण मग काय करायचं ते मला येतं.

काही नव्हतं. स्टूल खाली ठेवलं आणि पेन्सिल खिशात घालणार, तर ती म्हणाली, खूण? मी म्हटलं, चांगल्या मालाला खूण नसते. ती म्हणाली, मग मला कसं कळणार?

यावर मला काहीतरी बोलता आलं असतं. कलम वगैरे. पण म्हटलं, ठीक आहे, करतो खूण. स्टूल उलटं घेतलं, पेन्सिल टेकवली. आणि हात थांबला. चांगल्यावर कसली खूण करतात तेच मला माहीत नाही. बावीस वर्षांत एकदाही केलेली नाही. फुली करणार होतो, पण तिथे आधीच दोन होत्या, त्याही माझ्याच. बरेच शब्द आठवायचा प्रयत्न केला. एकही आला नाही. मुलगी वाट बघत होती. मग तिने माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाली, राहू द्या बाबा, मीच करते.

तिने काय केलं ते माझ्याकडे पाठ फिरवून केलं, मला दिसलं नाही. नंतर स्टूल सरळ करून माझ्याकडे सरकवलं आणि बाहेर खेळायला गेली.

हे त्यावरच बसून लिहिलं. डुगडुगत नाही. उलटं करून बघायचं तर उठावं लागेल. बायको समोरच आहे. पेन्सिल मुलीकडेच राहिली. सोमवारी कामाला लागेल. मागायला हवी.